डहाळ्यांची बंडी

हरिदास भला माणूस आहे, असं माझ्या तोंडून कोणी वदवून घ्यायला जाऊ नये. बेलखेड्यात माझी पिठाची चक्की आहे. दळण घेऊन आलेलं माणूस दळण होईपर्यंत बोलतंच, त्यामुळे गावात कोण किती भला आहे हे मला पट्ट्याच्या आवाजातही नीट ऐकू येतं. हरिदासबद्दल भलं बोलणारं माणूस माझ्या ओट्यावर आजवर टेकलेलं नाही. मी स्वतः त्याला तोंडावर खडूस म्हटलं आहे. त्याने ते ऐकून घेतलं आणि माझ्या चक्कीमागे रचलेल्या तुराट्या अजून ओल्या आहेत, बुरशी धरतील, एवढं सांगून निघून गेला.

कारंज्याच्या हायवेवर एका ढाब्याला लागून त्याचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकवाल्यांशी भांडून भांडून त्याचा आवाज असा झाला, की त्याने साधं 'चहा घेता का' विचारलं तरी समोरच्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. रस्ता रुंद झाला तेव्हा ढाबा गेला, दुकान गेलं, आणि हरिदास गावात परत आला. थोडी कोरडवाहू शेती, दारात पंक्चरची पेटी, बायको तानाबाई आणि मयुरी नावाची एकुलती एक मुलगी, एवढा त्याचा संसार. शेजारच्याच अंगणात धाकटा भाऊ प्रफुल्ल राहतो. दोघांच्या मध्ये एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणावरूनही त्यांचं भांडण झालेलं आहे.

गावाच्या वरच्या अंगाला आमची टेकडी. सरकारी दफ्तरात ती झुडपी जंगल म्हणून आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिच्यावर झुडपंसुद्धा धड नव्हती, नुसता मुरूम आणि खुरटे खुंट. टेकडी कोणी खाल्ली म्हणून विचारलं की गाव शेळ्यांकडे बोट दाखवतो. शेळ्या मोतीलालच्या आणि मोतीलाल गरीब, त्यामुळे बोट दाखवायला सोपं जातं. खरं सांगायचं तर टेकडी आमच्या लग्नांनी खाल्ली.

आमच्याकडे लग्नाच्या मांडवावर जांभळीचे डहाळे टाकतात. तोडल्यावरही जांभळीचं पान लवकर मलूल पडत नाही, म्हणून जांभूळ. मुलाचा असो की मुलीचा, काका बैलबंडी जुंपून, चार माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन टेकडीवर जातो, डफडं वाजत बंडी दाराशी येते, घरधनी बैलांच्या पायांवर पाणी घालतो, कुंकू लावतो, डहाळे आणणाऱ्यांना टोपी-दुपट्टा देतो. डहाळे आपल्या गावच्या शिवेतलेच हवेत. परगावचे डहाळे मांडवावर चढले तर संसाराला लागतात, असं आमच्या बायका छातीठोकपणे सांगतात. ज्याची बंडी शिगेला भरलेली त्याची गावात वाहवा. मग वाहवेसाठी आधी फांद्या गेल्या, पुढे बुंधे गेले, आणि शेवटी नाल्याकाठी जांभळीचे खुंट तेवढे उरले. हे सगळं आम्ही वाजतगाजत केलं.

टेकडी पुन्हा उभी करायची कल्पना प्रफुल्लची. ते श्रेय त्याचं आहे, मी काढून घेणार नाही. त्याने बचत गटाच्या बायका जमवल्या, कॉलेजची मुलं जमवली, दर रविवारी श्रमदान ठरवलं. रोपवाटिकेतून आवळा, बेहडा, चारोळी, मोह आला. जुन्या जांभळीच्या खुंटांना नवी फूट येत होती, तिला काट्यांची आळी करायची ठरली. ग्रामसभेत ठरावही झाला: टेकडीवरची ओली फांदी कोणी तोडायची नाही. सगळ्यांनी हात वर केले. चहा तयार होता, हात वर केल्याशिवाय सभा संपत नव्हती.

पहिल्या रविवारी हरिदास टेकडीवर आला तो झाडं लावायला नव्हे. भाऊ गळ्यात शिट्टी घालून लोकांना कामाला लावतो आहे हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. तो प्रफुल्लने खणलेल्या खड्ड्यांपाशी उभा राहिला.

"याच्यात रोप लावतं का भांडं विसळतं?" सगळ्यांच्या देखत त्याने विचारलं.

आणि प्रफुल्लचे खड्डे पुन्हा खणले. एकेक करून, त्याच्या नाकावर टिच्चून. प्रफुल्लच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी वाहून न्यायची वेळ आली तेव्हा कॉलेजची मुलं पांगली, मग प्रफुल्लही बाजारहाटाचं निमित्त सांगून येईनासा झाला. हरिदास येत राहिला. भावाला खोटं पाडण्यासाठी का होईना, पण खांद्यावर कावड घेऊन तो चढत राहिला. आम्ही पाच-सहा बायका त्याच्या मागून कॅन घेऊन चढायचो आणि त्याची बोलणी खायचो. एकदा माझ्या कॅनमधलं पाणी वाटेत सांडलं तर म्हणतो कसा, "जिजाबाई, पीठ असं सांडता का चक्कीवर?" तोंडात शब्द आला होता, पण चढ असा होता की शिवी द्यायलाही दम उरला नव्हता.

राखणदारी त्याला कोणी दिली नाही. त्यानेच घेतली. माझं मत विचाराल तर त्याला झाडांपेक्षा नाही म्हणण्याची हौस होती. मोतीलालची शेळी आळ्यात शिरली की तो ती धरून आपल्या अंगणात बांधायचा, चारापाणी करायचा, आणि मोतीलालला निरोप धाडायचा की पाहुणी आली आहे, घेऊन जा. मोतीलाल दात-ओठ खात यायचा. म्हातारा माणूस, चराईची जागा गेलेली, त्याचा राग मला कळत होता. हरिदासला कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

लग्नसराईत मात्र खरी जुंपायची. कुऱ्हाडी घेऊन माणसं आली की हा पायथ्याला आडवा. सरपंचाच्या भाच्याचं लग्न असो की कोणाचं, उत्तर एकच. लोकांनी बाजारातून हिरवी जाळी आणून मांडव घातले आणि मांडवात बसून हरिदासवर तोंडसुख घेतलं. एका वरबापाने तर त्याच्या दारात हळदीचं खरकटं पाणी ओतलं. हरिदासने ते झाडून काढलं आणि तसाच टेकडीकडे गेला.

मग प्रफुल्लच्या मुलीचं, प्रेरणाचं लग्न ठरलं. तोवर जांभळी माणसाच्या डोक्यावर गेल्या होत्या, नाल्याकाठ पुन्हा काळाशार हिरवा दिसायला लागला होता. प्रफुल्ल एकटाच आला. कुऱ्हाड नव्हती, हातात फक्त विळा. आम्ही बायका तिथे आळी भरत होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"दादा, बंडी नाई भरत," तो म्हणाला. "पाच डहाळे दे. तुह्याच घरची पोरगी होय."

"ठराव तुवाच मांडला होता."

"मांडला होता. आता मागून राह्यलो. भाऊ म्हणून."

"नाई."

"पाच, दादा."

"पाच तुले देल्ले तं गावाले किती देऊ? नाई म्हणजे नाई."

प्रफुल्लने विळा उचलला तेव्हा मी आळं सोडून उठले. पण त्याने तो कमरेला खोचला आणि थुंकून खाली उतरला. मी हरिदासला म्हटलं, अरे पोरीसाठी मागितले होते, पाच फांद्यांनी टेकडी मेली नसती. तो माझ्याकडे न बघता आळ्याच्या काट्या दाबत राहिला. खडूस म्हटलं ते तेव्हाच. तुराट्यांचं ऐकवून तो गेला ते त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर.

प्रफुल्लने कारंज्याहून परगावचे डहाळे आणून मांडव घातला. हरिदास लग्नात जेवायला गेला, त्याला पान वाढलंच नाही. वर्ष उलटलं नाही तोच प्रेरणा माहेरी परत आली. नवरा दारू पिऊन मारत होता. गावाने कारण शोधायला फार वेळ लावला नाही. परगावच्या डहाळ्यांचा मांडव, दुसरं काय. म्हणजे दोष नवऱ्याचा नाही, मारणाऱ्या हाताचा नाही, हरिदासचा. प्रफुल्ललाही ते पटलं. मुलीचं नशीब आपल्या भावाने फोडलं असं तो उघड बोलायला लागला, आणि माणूस एकदा असं बोलायला लागला की मागे फिरत नाही.

प्रेरणाने स्वतः एकदा माझ्या ओट्यावर बसून सांगितलं, "काकू, त्याची दारू कायी डहाळ्यातून नोती निघाली. लग्नाच्या आदीपासूनच पेत होता, बाबाले लोकाईनं सांगतलं होतं. पण बाबाले कोणावर तं राग काढा लागते ना."

हे तिने बापाला सांगितलं का, असं मी विचारलं. तिने दळणाचा डबा उचलला आणि गेली.

यंदा मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा सिंदी रेल्वे गावचा, कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला, शांत स्वभावाचा. स्थळ चांगलं होतं. फक्त मुलाच्या आईने एक अट घातली, की मांडव हिरवा हवा, जाळीबिळी चालणार नाही. बाईचा स्वतःचा मांडव म्हणे असा हिरवागार होता, की लोक अजून नाव काढतात. सोयरीक जुळली आणि सगळा गाव हातातलं काम टाकून हरिदासकडे बघायला लागला. चक्कीवर दुसरा विषयच नव्हता. आता बघू. आता कसा नाही म्हणतो ते बघू. मी दळता दळता ऐकत होते आणि माझंही डोकं तापत होतं, कारण खरं म्हणजे मलाही बघायचं होतं.

मयुरी वडिलांसारखी बोलायला फटकळ नाही. नर्सिंगचा कोर्स करून आलेली, समजूतदार मुलगी. टेकडीवर तीही लहानपणापासून पाणी वाहत आली होती. तिने बापाजवळ कधी हट्ट केल्याचं मला आठवत नाही. या वेळी केला. मी तेव्हा तानाबाईला पापडाचं पीठ द्यायला गेले होते.

"बाबा, मले बाकी कायी नोको," ती म्हणाली. "पण माह्या मांडवाखाली सारा गाव आला पायजे. प्रेरणाताईच्या लग्नात तुमाले पान नाई वाढलं, तसं नोको व्हाले."

"येईन गाव," हरिदास म्हणाला.

"आन मांडव?"

"हिरवाच घालून देईन."

"टेकडीवरचे?"

"टेकडीचं नाव काहाडू नोको. तुह्या मामाच्या वावरात जांभळी आहेत."

मामा म्हणजे तानाबाईचा भाऊ, आष्टीजवळच्या गावचा. म्हणजे पुन्हा परगावचे डहाळे. मयुरीने मान खाली घातली. ती तशी या गोष्टी मानणाऱ्यातली नाही, पण प्रेरणाचं झालेलं डोळ्यांसमोर असताना कोणाच्याही मनात पाल चुकचुकेल. हरिदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही. पंक्चरचं टायर घेऊन बसला.

मांडवाच्या दिवशी सकाळी तो एक छोटा टेम्पो ठरवून आष्टीकडे गेला. हळद संध्याकाळी होती. दारात बल्ल्या उभ्या झाल्या होत्या, वर नुसतं तारेचं जाळं. आम्ही दोघी-तिघी तानाबाईला हातभार लावायला गेलो होतो. बाकी गाव आपापल्या दारात उभा राहून बघत होता, आत कोणी येत नव्हतं.

दुपार कलली आणि डफडं वाजायला लागलं. टेकडीकडून.

प्रफुल्लची बंडी येत होती. बैलांच्या शिंगांना फुगे, गळ्यात घुंगरमाळा, आणि बंडीवर जांभळीचे डहाळे असे रचलेले, की मागचं चाकसुद्धा दिसत नव्हतं. नुसत्या फांद्या नव्हत्या. मनगटाएवढे बुंधे होते, ताजे कापलेले, कापल्या जागी ओल दिसत होती. बरोबर कुऱ्हाडी घेतलेली माणसं, ज्यांना ज्यांना हरिदासने आजवर पायथ्यावरून परत लावलं होतं ते सगळे. आमचा हरिदास आष्टीला गेलेला, टेकडीवर कोणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रफुल्ल सगळ्यांत पुढे, नवा शर्ट घालून, हसत. दारात उभ्या लोकांनी आपापल्या मोबाइलवर बंडीचे फोटो आधीच पाहिले होते. त्याने ते स्टेटसला टाकले होते, सिंदीपर्यंत पोचावेत म्हणून.

बंडी दारात उभी राहिली आणि पाठोपाठ हरिदासचा टेम्पो आला. त्याने आणलेले डहाळे वाटेत उन्हाने पार मान टाकून बसले होते. बंडीपुढे ते कोणी बघितलेही नसते.

"आला का दादा?" प्रफुल्ल म्हणाला. "वाट पाहून राह्यलो होतो. पोरीच्या मांडवाचे डहाळे काकानंच आणाले लागते. रीत होय आपली. कर बैलायची पूजा."

डफडं थांबलं. सगळा गाव आता अंगणाच्या कडेला आला होता. जे सकाळपासून आत पाय ठेवत नव्हते तेही आले.

किती गोड बोलत होता प्रफुल्ल, आणि किती विष होतं त्यात. मी तिथे उभी होते, मला ते सगळं स्वच्छ दिसत होतं. पूजा केली, डहाळे मांडवावर चढवले, तर सख्ख्या पुतणीला पाच फांद्या न देणाऱ्याने आपल्या पोरीसाठी बंडीभर घेतल्या. उद्या दुसरा कोणी कुऱ्हाड घेऊन टेकडीवर गेला तर हरिदास कोणत्या तोंडाने आडवा येणार? आणि पूजा नाही केली, तर दारात आलेले डहाळे परत लावले. म्हणजे लग्न लागण्याआधीच अपशकुन, भाऊबंदांचा उघड अपमान, आणि मयुरीच्या मांडवात कुत्रंही जेवायला येणार नाही. भावाने भावाला दोन्हीकडून कोंडलं होतं आणि वर रीत म्हणून हात जोडून उभा होता. माझ्या तोंडात शिवी आली. ती मी दिली, हळू दिली, पण शेजारच्या बाईने ऐकली.

हरिदास बंडीपाशी गेला. एका कापलेल्या बुंध्यावर त्याने हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं आता हा कोणाच्या तरी अंगावर जाणार. तानाबाईलाही तसंच वाटलं असावं, ती आरतीचं ताट घेऊन दोघांच्या मध्ये आली. मयुरी दारात उभी होती. वडिलांकडे बघत होती, एवढंच.

हरिदासने तांब्या घेतला. बैलांच्या पायांवर पाणी घातलं. कुंकू लावलं, पुरणाचा घास दिला. मग कुऱ्हाडवाल्या प्रत्येकाच्या कपाळाला टिळा लावला, टोपी दिली. शेवटी प्रफुल्लच्या गळ्यात दुपट्टा घातला. प्रफुल्लचं हसू कानापर्यंत गेलं. कडेला उभ्या बायका एकमेकींना कोपरांनी ढोसत होत्या. झाला, हरिदास वाकला. मला इतका संताप आला की तानाबाईकडून घेतलेल्या ताटातलं कुंकू मी सांडलं. एवढी वर्षं आम्हाला बोलणी खाऊ घातली या माणसाने, माझ्या पायांचं वाटोळं झालं त्या चढावर, आणि हा वाकला.

"मान झाला?" हरिदासने विचारलं.

"झाला ना."

"मंग डहाळे आता माहे का तुहे?"

"तुहेच होय, दादा. तुह्या पोरीचे."

"सारे ऐकून राह्यले," हरिदास म्हणाला, आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या मोतीलालकडे वळला. "मोतीलाल, तुह्या शेळ्या कुठी आहेत?"

मोतीलालला वाटलं जुनं भांडण निघालं. "घरी बांधून आहेत. आज नाई गेल्या टेकडीवर, शपत घेऊन सांगतो."

"आन इकडे. साऱ्याच आन."

कोणाला काही उमगेना. मोतीलाल मात्र गेला आणि शेळ्या घेऊन आला. हरिदासने स्वतः बंडीवर चढून डहाळे खाली ओढले, एकही ठेवला नाही, सगळा ढीग अंगणात लग्नाच्या बल्ल्यांखाली घातला. मग बाजूला झाला.

"चरू दे त्याईले," तो मोतीलालला म्हणाला. "तुह्या शेळ्याईचाच हक पहिला होता त्याच्यावर. याच्याखाली माही पोरगी नाई बसत."

शेळ्यांना आमंत्रण दोनदा द्यावं लागत नाही. त्या ढिगात शिरल्या. मांडवाचे डहाळे, पूजा झालेले, कुंकू शिंपडलेले, साऱ्या गावासमोर शेळ्या कुरतडत होत्या. आमच्या गावात असं कधी घडलं नव्हतं. कोणीतरी हसलं, मग लगेच गप्प झालं, कारण हसण्यासारखं ते नव्हतं. प्रफुल्लचा चेहरा पांढरा पडला. त्याने गळ्यातला दुपट्टा काढला, घडी न घालता अंगणात टाकला, आणि बैल वळवले.

"तुह्या दाराले माहा पाय लागणार नाई," तो म्हणाला. "तू मेला तरी."

"बरं," हरिदास म्हणाला.

त्याच्यामागून कुऱ्हाडवाले गेले, टोप्या खिशात घालून. त्यांच्यामागून गाव गेला. अंगणात आम्ही दोघी-तिघी, मोतीलाल आणि शेळ्या राहिलो. मयुरी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तानाबाई रडत नव्हती. ती नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "झाडाले जपलं. मले एवढं सांगा, तिले कोण जपन?" हरिदासने टेम्पोतले मलूल डहाळे उतरवले आणि मोतीलालला घेऊन मांडवावर बांधायला लागला. मला त्याचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. आणि तरीही मी वर डहाळे देत होते, कारण कोणीतरी द्यायलाच हवे होते.

शेळ्यांची बातमी सिंदीला पोचायला वेळ लागला नाही. मुलाच्या आईचा फोन आला. मयुरीने तो स्वतः घेतला, आतून. काय बोलली ते कळलं नाही, पण लग्न मोडलं नाही. मुलाने आईची समजूत काढली म्हणतात. काढली असेल. वरात आली तेव्हा त्या बाईने मांडवाकडे वर बघितलं, मान टाकलेली पानं बघितली, आणि पदर सावरत पाठ फिरवून बसली.

गाव आला नाही. स्वयंपाक सगळ्या गावाचा झाला होता, पंगतीला वऱ्हाडाखेरीज मोजकी माणसं बसली. आम्ही रविवारच्या बायका, मोतीलालचं घर, आणि प्रेरणा. ती बापाच्या अंगणातून, सगळ्यांच्या देखत, मधलं कुंपण ओलांडून आली आणि मयुरीच्या पाठीशी उभी राहिली. भात-वरणाची पातेली भरलेली राहिली. वाढपी वाढायला कोणी नाही म्हणून हातावर हात ठेवून उभे होते. मयुरीने मंगलाष्टकांच्या वेळी एकदाच नजर उचलून समोर बघितलं, जिथे गाव उभा असायला हवा होता तिथे, आणि पुन्हा खाली वळवली.

निरोपाची वेळ झाली. ती आईच्या गळ्यात पडून रडली, प्रेरणाच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. मग वडिलांसमोर आली. हरिदासने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती पाया पडली, उठली, आणि एक पाऊल मागे सरली.

"बाबा, मी एकच मांगतलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"ते तुमी टेकडीले देऊन टाकलं."

सिंदीची माणसं गाडीपाशी थांबली होती, तरी ती बोलत राहिली. आवाज चढवला नाही.

"आता आयका. पुढं कोणाची बी पोरगी असो, प्रेरणाताईचं दुसरं लग्न होवो का सरपंचाचं होवो, एक पान जरी तुमी कोणाले देल्लं, तं मी या घरात पाय नाई ठेवणार. पाच मांगो का एक. माह्या लग्नात गाव नाई आला, ते फुकट नोको जाले."

"नाई देत," हरिदास म्हणाला.

"कोणालेच?"

"कोणालेच नाई."

तिने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. काच खाली केली नाही. हरिदासचा पुढे केलेला हात अजून तसाच होता. तानाबाईने तो धरून खाली केला आणि त्याला घरात नेलं.